सळईचा मान

कुरुळीच्या शाळेत घंटा म्हणजे व्हरांड्यात टांगलेला ट्रकचा जुना ब्रेकड्रम. मिनलबाईंच्या वर्गात तो वाजवायचा मान हुशारांना मिळत नसे. अवघड गणित सोडवायला आपणहून उठून जो आपटेल, म्हणजे चुकेल, सुट्टीची घंटा वाजवायची सळई त्याच्या हाती, हा बाईंचाच नियम. यंदा पन्नाशीतल्या बाईंनी जपानी शिकून जपानच्या शाळेत वर्षभर शिकवण्यासाठी मुलाखत दिली होती, हे वर्गाला ठाऊक होतं. आज निकाल आला. निवड झाली नव्हती. बाई वर्गाकडे पाठ करून फळ्यावरची तारीख पुसून पुन्हा तीच लिहू लागल्या. “बाई, आपटलात का?” पहिल्या बाकावरच्या स्वरूपाने विचारलं. “आपटले गं.” सकाळचं गणित चुकून मिळालेली सळई तिने उठून बाईंपुढे धरली. “मग आज तुमचा नंबर.” बाईंनी व्हरांड्यात जाऊन ड्रमवर असा दणका हाणला, की हेडमास्तर चहाचा कप घेऊनच बाहेर धावले. सळई परत देताना बाई म्हणाल्या, “जपून ठेव. पुढच्या वर्षी पुन्हा मुलाखत आहे.”