शिशाचं सैन्य

युद्ध हे अडाण्यांचं काम नव्हे, असं बोईसरच्या कॉलनीतले टिपणीससाहेब नेहमी सांगत. विलायतेतल्या मित्राने पाठवलेले, टेबलावर मांडून फाशांनी लढायच्या खेळातले बोटभर उंचीचे शिशाचे राक्षस ते दोन वर्षं रंगवत होते. डोळ्यांसाठी दोन केसांचा ब्रश, पायाशी चिंचणीच्या किनाऱ्यावरची चाळून चिकटवलेली वाळू. सैन्य जेवणाच्या टेबलावर तैनात, म्हणून घरचे जमिनीवर जेवत. बायकोने विचारलंच तर, "तुला नाही कळायचं, नलू!"

बोईसरात शत्रू होण्याच्या लायकीचं कुणीच नसल्यामुळे रविवारी पार्ल्याहून कामत लढायला येणार होते. शनिवारी साहेब कामावरून आले, तर टेबल रिकामं.

"नलू, माझं सैन्य?"

"काशीबाईला दिलं. मासळी घेऊन आली होती ना, म्हणाली, 'बाय, शिसं बेस हाय, जाल्याला वजन व्हईल.'"

"अगं, उद्या कामत येताहेत!"

"म्हणून तर बदल्यात पापलेटं घेतली."

 

रविवारी कामतांनी त्या टेबलाशी बसून तीन पापलेटं खाल्ली आणि युद्धाचं नावही काढलं नाही.