दोन बिघाड

"झालं का?" तौनोने चौथ्यांदा विचारलं.

"गाडी आहे ती, बाबा. कॉफी नाही." मिर्क्का गाडीखालून ओरडली.

तौनो टायरवरून उठला, दारापर्यंत गेला, आभाळ बघून परत आला, बसला आणि पुन्हा उठला. शुक्रवारची दुपार होती. उद्या पहाटे मूस हरणांच्या शिकारीचा मोसम सुरू होणार होता. गावच्या शिकारी टोळीची कुत्री अठ्ठेचाळीस वर्षं तौनोच्याच गाडीतून जात आली होती. आणि आज सकाळी ती गाडी अंगणात, इंजिन थंड ठेवणाऱ्या हिरव्या कूलंटच्या थारोळ्यात उभी होती. ब्रेकवर पाय ठेवला तर पेडल तळाला टेकत होतं.

गॅरेज मूळचं तौनोचं. सहा वर्षांपूर्वी त्याने ते लेकीच्या हाती दिलं, तेव्हा किल्ल्यांबरोबर एक नियमही दिला. माणसाशी एक वेळ खोटं बोल, पण गाडीबद्दल खोटं कधी बोलायचं नाही. त्या नियमावरच गॅरेजचं नाव टिकलं होतं. आज मात्र तो नियम मिर्क्काला नडत होता.

कारण म्हाताऱ्याला नीट दिसत नव्हतं. मागच्या आठवड्यात रस्त्याच्या तोंडाशी ओळीने उभ्या असलेल्या टपालपेट्यांपैकी तीन त्याने आडव्या केल्या. "ऊन डोळ्यांवर आलं," म्हणाला. ऊन कसलं, आठ दिवसांत गावात कुणी सूर्य पाहिला नव्हता. बायकोने डोळ्यांच्या डॉक्टरचं नाव काढलं तसा तो भरल्या ताटावरून उठला आणि सरपण फोडत बसला. टोळीत न येण्याची कारणं दोनच चालत: घरात मयत, नाहीतर गाडी बंद. डोळे अधू झाले हे कारण आजवर कुणी दिलं नव्हतं, आणि तौनो ते पहिल्यांदा देणारा माणूस नव्हता.

मिर्क्काला भीती वाटत होती. उद्या उजाडायच्या आत, जंगलातल्या त्या वळणांवरून, चार कुत्री आणि दोन माणसं घेऊन तो निघणार. गाडी होत नाही, एवढं म्हटलं की प्रश्न मिटला. पण ते तिच्याने म्हणवत नव्हतं. आणि म्हटलं असतं तरी ज्याने तिला पाना धरायला शिकवला तो काय फसणार होता?

रेडिएटरच्या होज पाइपची क्लिप ढिली निघाली. पाइप धड होता. तिने क्लिप आवळली, कूलंट भरलं, गळती थांबली. ही क्लिप उन्हाळ्यात तौनोनेच बसवली होती. आता क्लिप आवळायलाही विसरायला लागला, असं मनात येऊन तिने बाकीच्या क्लिपाही चाचपून पाहिल्या.

"पाइप फुटलाय ना?" त्याने विचारलं.

"क्लिप ढिली होती."

"पाइपही जुनाच आहे तसा."

"तुझ्यापेक्षा बरा आहे. बस आत, ब्रेकमधली हवा काढू."

तो निमूट आत जाऊन बसला. मिर्क्का पाना घेऊन मागच्या चाकाशी वाकली. ब्रेकमधली हवा काढायला प्रत्येक चाकामागे एक बारकी निपल असते आणि तिच्यावर रबराची टोपी. बाकीच्या तीन टोप्यांवर कित्येक वर्षांचा चिखल वाळला होता. ही टोपी पुसलेली होती. तिने ती काढली. आतली निपल अर्धा आटा सैल होती; पेडल तळाला टेकत होतं ते यामुळेच.

ती पाना हातात धरून तशीच बसून राहिली. निपल एखादे वेळी आपोआप सैल होईलही. पण टोपी काढून, पुसून, पुन्हा जागच्या जागी कोण बसवणार? "टोपी परत बसव, पोरी, नाहीतर माती जाते," असं बजावणारा माणूस पंचक्रोशीत एकच होता. क्लिप आवळायला तो विसरला नव्हता.

"दाबू का?" आतून आवाज आला. सकाळपासूनची घाई त्या आवाजात नव्हती.

तेवढ्यात तिचा फोन वाजला. टोळीचा म्होरक्या, आह्ती.

"काय गं, उठलं का तुझ्या बापाचं भंगार? कुत्री घर डोक्यावर घेतायत इकडे."

मिर्क्काने बाजूच्या आरशात पाहिलं. तौनोने दोन्ही हातांनी स्टिअरिंग घट्ट धरलं होतं. तो समोरच्या भिंतीकडे बघत होता. तिला एकदम रडू आलं, ते तिने गिळलं.

"नाही होत, आह्तीकाका. होज पाइप फुटलाय. नवा सोमवारशिवाय यायचा नाही."

गाडीबद्दल ती पहिल्यांदाच खोटं बोलत होती. तिचे कान तापले. पलीकडे आह्तीने गाडीला दोन कचकचीत शिव्या घातल्या, तौनोला एकही नाही, आणि फोन ठेवला.

मिर्क्काने फोन खिशात टाकला. मग तौनोने ब्रेकवरचा पाय काढला.

"असले पाइप आह्तीच्या कोठारात ढिगाने पडलेत," तो भिंतीकडे बघतच म्हणाला. "आता येईल बघ घेऊन. ब्रेकचं सांगायचं होतंस, पोरी."