कवडूच्या दगडावर पाणी

म्हाताऱ्यानं तोंडातला सुपारी-तंबाखूचा खर्रा जिभेनं गोळा केला, नेम धरला आणि लाल पिंक थेट दगडावर सोडली. 'शहीद जवान कवडू' या अक्षरांवरून ती ओघळत खाली आली.

मोटारहोमच्या पायरीवरून मोतीलाल ते बघत होता. ती काही पहिली पिंक नव्हती. दगड खालपासून वरपर्यंत रंगला होता. चौथऱ्यावर शेळ्यांच्या लेंड्या, खर्ऱ्याच्या पन्न्या, कुणाची तरी उष्टी पत्रावळ. छी! देशासाठी मेलेल्या माणसाची ही गत?

सुट्टी खरं तर पोरांची होती. मुलानं, संजीवनं, नागपूरहून ही चाकावरची खोली भाड्यानं घेतली होती. तलावातलावांवर मुक्काम करत फिरायचा बेत होता. मोहाडीच्या पुढं या गावाकडं वळायचा हट्ट मोतीलालचा. पंचाहत्तरी गाठलेली, हृदय निम्मंच चालत होतं. डोळे मिटायच्या आधी कवडूच्या दगडाला आपल्या हातानं पाणी घालायचं, एवढंच राहिलं होतं. त्यासाठी त्यानं घरून तांब्याचा गडवा भरून आणला होता.

"आबा, हाच का तो तुमचा दोस्त?" नातीनं, रुचिकानं विचारलं.

"हाच. एकाहत्तरची लढाई. मांडीत गोळी लागली होती त्याले. माह्या हातानं पाणी पाजलं. माह्याच मांडीवर जीव सोडला त्यानं."

चोपन्न वर्षांत त्यानं हे शंभरदा सांगितलं असेल. एक शब्द इकडचा तिकडं होत नसे.

गडवा घेऊन तो तरातरा खाली उतरला.

"लाज नाही वाटत बे? कोणावर थुंकून राहिला, माहीत आहे का?"

"काहून जी?" म्हातारा काठीवर रेलला. "माह्या गावचा दगड आहे."

"अन् तो तुमच्याचसाठी मेला!"

"कोन सांगते?"

"मी सांगतो. माह्या मांडीवर मेला."

म्हाताऱ्याचं चघळणं थांबलं. त्यानं मोतीलालला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

"मंग त्याच्या घरी चिठ्ठी तुमीच लिहली होती?"

"मीच."

"मोठी झकास चिठ्ठी. मास्तरनं साऱ्या गावापुढं वाचली. मंग तेरवी झाली, दगड बसवला. त्याची बायको रुखमिणी, वीस वर्साची. तीन महिन्यात सासऱ्यानं तिचा पाट लावून देला, धाकट्या दिरासंगं."

"बरं केलं. पोरीचा संसार तरी झाला."

"झाला ना. चार लेकरं झाले." म्हातारा वळला आणि दगडावर पुन्हा पचकन थुंकला.

मोतीलालच्या अंगावर शिसारीचा काटा आला. "माणूस आहेस का जनावर? एवढाच राग असंल तर उपटून फेका ना तो!"

"एकडाव बसवला का उपटत नाही जी. गावाले पाप लागते. थुंकाले कोनी रोकत नाही."

असल्या माणसाच्या काय नादी लागायचं! मोतीलालनं त्याला कोपरानं बाजूला सारलं. एक पाय ओढत म्हातारा सरकला. मोतीलालनं खांद्यावरचा दुपट्टा काढला, नाक मुरडत, श्वास रोखून एकेक अक्षर पुसलं. हाताला तो लाल चिकटा लागला. तरी त्यानं पुसलं. मग डोळे मिटले.

"कवड्या, आलो रे बाप्पा. माफ कर," तो पुटपुटला. नेमकी कशाची माफी, ते घरात कुणाला ठाऊक नव्हतं.

गडवा तिरपा करणार तोच म्हाताऱ्यानं त्याचं मनगट धरलं. गडवा हिसकला, तोंडाला लावला आणि घटाघट पिऊन टाकला. लाल ओघळ हनुवटीवरून सदऱ्यावर उतरले. पायरीवरून रुचिकानं "ईऽऽ" करून तोंड फिरवलं.

"अबे घाणेरड्या!" मोतीलाल ओरडला. "कवडूचं पाणी होतं ते!"

म्हाताऱ्यानं बाहीनं तोंड पुसलं आणि रिकामा गडवा त्याच्या हातात ठेवला.

"'पडून राय कवड्या, पानी घेऊन येतो' म्हनून गेलता तू, मोत्या," तो म्हणाला. "लय टाइम लावला बे."