तेलाचं माप

मशीन पुन्हा बंद पडलं. फुर्र फुर्र केलं, निळ्या धुराचा लोट सोडला आणि जांभळाच्या बुंध्यावर नखाएवढी खूण करून गप्प बसलं.

दोरी ओढून ओढून सौरभचा खांदा भरून आला होता. त्यानं झाड कापायची चेनसॉ खाली ठेवली, प्लग काढला, तर तो तेलानं चिंब. आता काय म्हणावं ह्याला! काल धूर झाला म्हणून आज त्यानं इंजिनासाठी पेट्रोलात मिसळायचं टू-टी तेल निम्म्यावर आणलं होतं. तेल कमी, अन् धूर कालच्यापेक्षा दाट.

बांधापलीकडं त्याचे चुलते, चिंतामणआबा, उसाला पाणी देत होते. ते इकडं बघतसुद्धा नव्हते. पण मशीन सुरू झालं की त्यांचं खोरं थांबायचं आणि बंद पडलं की पुन्हा चालायला लागायचं.

भांडण सावलीचं. बांधावरचं हे जांभूळ सौरभच्या आज्ज्यानं लावलेलं. त्याच्या सावलीत तात्यांचा ऊस खुरटायचा. तात्या म्हणजे सौरभचे वडील, मानसिंगराव. त्यावरून दोघा भावांत आधी कुरबूर झाली, मग अबोला. गेल्या बाजारच्या दिवशी भवानीनगरात चहाच्या टपरीवर आबा चारचौघांत म्हणाले, "बापानं लावलेल्या झाडाला हात लावून दाखव." तात्या कसले ऐकून घेतात! "फुडच्या बाजाराला आडवं करतो. न्हाय केलं तर ही मिशी उतरवतो!"

आपल्याकडं घरातलं मोठं माणूस गेल्याशिवाय मिशीला वस्तरा लागत नाही. ह्या दोघांची मिशी आजवर एकदाच उतरली होती, आज्जा गेला तेव्हा, एकाच न्हाव्यापुढं शेजारी-शेजारी बसून.

आणि बाजार उद्यावर आला होता. बापाची मिशी सौरभच्या हातात, अन् हातातलं मशीन धूर ओकत होतं.

बरं, विचारावं तरी कुणाला? बारामतीचा दुकानदार म्हणाला होता, पन्नास भाग पेट्रोल, एक भाग तेल. भवानीनगरचा मिस्त्री म्हणाला, छ्या! पंचवीसला एक, न्हायतर इंजिन जाम हुतंय. मोबाईलवरचा एक जण चाळीसवर अडून बसलेला. शेजारचा दीपक म्हणाला, गाडीचं जुनं ऑइल वत की, मशीनला काय कळतंय? बारभाईची शेती, काय लागेल हाती! सौरभनं जुनं ऑइल सोडून सगळं करून पाहिलं. काहीही करा, धूर वाढतच होता.

रात्री जेवताना त्यानं शेवटी तात्यांनाच विचारलं, "तात्या, तुमीच सांगा, तेल किती घालू?"

"मला काय कळतंय त्यातलं?" तात्या ताटातच बघत म्हणाले. "घाल जरा सढळ हातानं."

सौरभ इरेला पेटला. उठला आणि पेट्रोलचा कॅन धुऊन काढला. नुसतं ताजं पेट्रोल भरलं, तेलाचा थेंबही घातला नाही. तेलाची नवी बाटली सकाळी रानात जाऊनच फोडायची, असं ठरवून त्यानं कॅन शेडात ठेवला.

सकाळी बांधावर जाऊन झाकण उघडलं, तर आतलं पेट्रोल हिरवंगार. टू-टी तेलासारखं हिरवं. अन् नव्या बाटलीचं सील जसंच्या तसं!

त्याचं डोकंच चालेना. कॅन उचलून तो तडक घरी आला. शेडातली जुनी अर्धी बाटली बघितली, तर ती रिकामी. त्याच्या आई द्वारकाबाई भाकरी थापत होत्या.

"आई, कॅनला हात लावलावतास?"

"मी कशाला लावू बाबा? तुझ्या बापाला इचार. दोन दिस झालं, ताटावर बसलं की हाताचा नुसता वास मारतोय. आत्ता गेलं बघ बाजारला."

सौरभनं कपाळावर हात मारून घेतला. अरे देवा! बैलगाडीच्या आखाला वंगण घालावं तसं तात्या पोराला मदत म्हणून रोज गुपचूप तेल ओतत होते! हसावं की रडावं, त्याला कळेना. बिचाऱ्यांनी स्वतःच्याच मिशीवर वस्तरा ओढून घेतला असता.

त्यानं दुसरं पेट्रोल आणलं, प्लग पुसला, बाटली फोडून दुकानदारानं सांगितलेलं माप बरोबर घेतलं. बांधावर येऊन दोरी ओढली. पहिल्याच झटक्याला मशीन गरजलं. धूर नाही, काही नाही. सौरभचा जीव भांड्यात पडला. पलीकडं आबांचं खोरं थांबलं. ह्या वेळी ते तोंड फिरवून पाठमोरे उभे राहिले.

सौरभनं पातं बुंध्याला लावलं, तोच मागून हाक आली.

"बंद कर!"

तात्या होते. तोंडावर टॉवेल धरलेला, धापा टाकत आलेले. सौरभनं मशीन बंद केलं.

"तेल वतू-वतू दमलो मी. तुला काय कळतच न्हाय व्हय रं?" म्हणत त्यांनी टॉवेल खाली घेतला.

मिशी नव्हती. ओठावरची पांढुरकी कातडी बघून सौरभला आपला बाप ओळखू येईना.

मशीन थांबलं म्हणून आबांनी मागं वळून बघितलं, आणि त्यांच्या हातातलं खोरं पाण्यात पडलं. चिखल तुडवत, उसाची पानं तोंडावर घेत, कित्येक महिन्यांत न ओलांडलेला बांध ओलांडून ते धावत आले आणि त्यांनी भावाचे दोन्ही खांदे धरले.

"मानसिंग, कोण गेलं रं? आपल्यातलं कोण गेलं?"

तात्यांनी जांभळाच्या बुंध्यावर हात टेकला.

"कुणी गेलं न्हाय, दादा. जाणार हुतं. ऱ्हायलं."