दुसरा ठोका

तिने लेसरच्या वाटेतला आरसा केसभर मागे सरकवला आणि स्क्रू आवळला. आज सरांची जिरवायची म्हणजे जिरवायचीच!

काचेपलीकडे सर कंपनीच्या बाईंना समजावत होते. "लेसरचा एक ठोका बसला की चकतीतले इलेक्ट्रॉन सुटे होतात. ते जागेवर बसायच्या आत दुसरा ठोका. सुटीतली पोरं वर्गात शिरायच्या आत पुन्हा घंटा द्यावी तसं! त्या क्षणी किती इलेक्ट्रॉन सुटे आहेत, त्यावर वर कसली नक्षी उठणार ते ठरतं. माझी कल्पना."

माझी म्हणे! तिच्या अंगाचा तिळपापड झाला. दोन ठोक्यांची युक्ती तिची, आरशांची मांडणी तिची. पेपरावर नाव सरांचं, पुरस्कारही सरांना. सरांचा खाक्याच तो. जमलं की 'मी केलं', फसलं की 'हिने केलं'. आज तर बाई ज्याला निवडतील त्याच्या हाती कंपनीची नवी प्रयोगशाळा जाणार होती. तीही सर घशात घालणार? भले!

आरसा मागे गेला, म्हणजे दुसरा ठोका उशिरा पडणार. तोवर सुटे इलेक्ट्रॉन विरळ होणार आणि नक्षी भलतीच उठणार.

लेसर सुरू झाला. पांढरी सिरॅमिकची चकती बघता बघता करडी पडली. सरांनी ती ऐटीत उचलली आणि वर पाण्याचा थेंब सोडला. "आता बघा कसा पळतो!"

थेंब हलेना. सरांनी चकती तिरकी केली, उभी केली, शेवटी पालथी केली. थेंब आपला चिकटलेलाच. सरांचं तोंड एवढंसं झालं.

"हे माझं काम नव्हे हं," ते घाईघाईने म्हणाले. "सगळी मांडणी हिची. मी हातसुद्धा लावलेला नाही. अगं, काय करून ठेवलंस हे?"

ती काचेआडून बाहेर आली आणि मान खाली घालून उभी राहिली.

बाईंनी चकती मागून घेतली. उलटसुलट करून पाहिली. मग त्या हसल्या.

"पाणी पळवणाऱ्या चकत्या पैशाला पासरी मिळतात हो. आम्ही कृत्रिम सांधे बनवतो. रक्त धरून ठेवील, हाडाला घट्ट बिलगेल असा पृष्ठभाग कुठे मिळतो का, म्हणून वणवण फिरतेय मी. हाच तो!"

बाईंना नेमकं काय हवंय, हे विचारायची तसदी सरांनी कधी घेतली नव्हती. तिने आठवड्यापूर्वीच घेतली होती.

सरांचे डोळे लकाकले. "तसं पाहिलं तर, मूळ कल्पना..."

"सर," तिने मान वर केली. आवाज अगदी साखरेत घोळलेला. "तुम्ही हातसुद्धा लावलेला नाही ना?"