बाईंनी सांगितलेले रंग

२०१९ साली आष्टीच्या त्या गल्लीत दोनच दारं उघडी असायची. एक द्वारकाबाईंचं आणि समोरचं केशरबाईंचं. बाकीची माणसं शहरात गेलेली.

त्या वर्षी द्वारकाबाईंच्या मुलीनं, आकांक्षानं, पुण्याहून आईला टेबलावर मावेल एवढा हातमाग आणून दिला. म्हणाली, "माझ्या जेवणाच्या टेबलावर मधोमध अंथरायला रंगीत पट्ट्यांचा रनर विण."

द्वारकाबाईंनी उभ्या दोऱ्यांचा पांढरा ताणा भरला. आडव्या दोऱ्यांच्या रंगांचं मात्र केशरबाईंवर सोपवलं. केशरबाई निवृत्त शिक्षिका. रोज तीनच्या सुमाराला द्वारकाबाई समोर जायच्या आणि दोघी हातात हात घालून गल्ली ओलांडून यायच्या.

"बाई, मला आता रंग उमगंनात. तुम्हीच सांगा."

केशरबाई पुठ्ठ्याच्या तुकड्यावर दोरे गुंडाळून नमुना ठरवायच्या. "सहा ओळी निळ्या. दोन पिवळ्या. मग चार हिरव्या."

"हिरव्याला लागून लाल?"

"बिलकुल नाही. लग्नाचा मांडव घालायचाय का तुम्हाला?"

"शाळेत पोरांनाबी अशाच दटावायच्या व्हय?"

"पोरं ऐकत तरी होती."

केशरबाई हातात देतील तीच दोऱ्याची गुंडी आडवा दोरा नेणाऱ्या धोट्यात भरली जायची. माग बंद झाला की द्वारकाबाईंच्या घरात भांड्यांचाही आवाज नसायचा.

दसऱ्याला केशरबाईंचा मुलगा संघपाल मुंबईहून आला. मागाशेजारी बसून म्हणाला, "आई, एकटी राहतेस. डोळे, गुडघे, काही बिघडलं की त्याच दिवशी घराला कुलूप. माझ्याकडं यायचं."

द्वारकाबाईंचा हात थांबला. समोरचं घर बंद झालं तर दिवसभरात त्यांना हाक मारणारं कुणी उरणार नव्हतं.

"आरं, डोळ्याचं काय घिऊन बसलास?" त्या म्हणाल्या. "माझे गेलेत, तुझ्या आईचे न्हाई. त्या रंग सांगतात म्हणून तर मी विणून राह्यले."

संघपाल हसला. "मंग बराबर हाय, मावशी." आणि एकटाच परत गेला.

दिवाळीत आकांक्षा आली तेव्हा केशरबाईही मागाशेजारी बसल्या होत्या. केशरबाईंनी फोनवर तिला सगळा नमुना तोंडपाठ सांगितला होता. तिनं रनर उलगडला आणि बघतच राहिली.

"आई, हे काय? बाई निळा म्हणाल्या, इथं जांभळा. हिरव्याच्या जागी करडा!"

केशरबाईंनी पदरानं तोंड पुसलं.

"माझीच चूक," द्वारकाबाई घाईनं म्हणाल्या. "बाईंनी बराबर सांगितल्तं. मीच भलती गुंडी उचलली."

"ते काही नाही, तुझ्या डोळ्यांचं ऑपरेशन करून टाकू."

"बघू की. जल्दी काय हाय?"

हे बघू, बघू तीन वर्षं चाललं. केशरबाई शेवटपर्यंत आष्टीतच राहिल्या आणि एका सकाळी स्वतःच्या घरात, स्वतःच्या खाटेवर गेल्या. संघपालनं घर विकलं. आता वर्षातून एकदा तो पुण्याला द्वारकाबाईंना भेटून जातो. केशरबाई गेल्या त्याच महिन्यात आकांक्षा आईला पुण्याला घेऊन आली. आल्या आल्या तिनं आईला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी रंगीत कार्डं पुढे मांडली. द्वारकाबाईंनी वीसच्या वीस रंग बिनचूक सांगितले.