उतरताना

"हातांनी लोंबकळू नकोस, पायांवर उभी राहा! माकड आहेस का?" वरून सेवेरिन ओरडला.

बुर्गीनं पाय खाचेत रोवले. दोघांच्या कमरेला एकच दोर. वरचं टोक बापाकडे, खालचं लेकीकडे. ती शाळेत असल्यापासून हेच चाललं होतं. आता ती तिशीला आली होती. वाटाड्याची परीक्षा पास झाली होती. तरी बापाच्या तोंडाचा पट्टा काही थांबत नव्हता.

खोऱ्यातल्या त्या टिरोली गावात सेवेरिनइतका मुरलेला वाटाड्या दुसरा नव्हता. पण यंदा गुडघ्यांनी दगा दिला. पुढच्या उन्हाळ्यापासून पाहुण्यांना शिखरावर कोण नेणार, हे त्याला ठरवायचं होतं. बुर्गी, नाहीतर पुतण्या लेन्त्स. लेन्त्सच्या पाठीवर त्यानं कालच खानावळीत सगळ्यांदेखत थाप मारली होती. कौतुक दुसऱ्याचं आणि बोलणी घरच्याला, ही त्याची जुनी खोड. आजही तो तिच्या बाजूनं काही बोलला नाही, तर बुर्गी इन्सब्रुक शहरात जाऊन बुटांच्या दुकानात नोकरी धरणार होती. बॅग भरून तयार होती.

अरुंद धारेवर तिला बापाचा पाय थरथरताना दिसला.

"बाबा, थांबा जरा. बुटाची नाडी सुटलीय."

तिनं घट्ट बांधलेली नाडी सोडली आणि सावकाश पुन्हा बांधली.

"तुझं नेहमीचंच रडगाणं," तो म्हणाला. पण खडकाला टेकून त्यानं दम खाल्ला.

माथ्यावरच्या क्रुसापाशी दोघांनी रीतीप्रमाणे हात मिळवले. काळा पाव आणि खारवलेलं मांस खाल्लं. सेवेरिन ढगांबद्दल बोलला, शेजाऱ्याच्या शेळ्यांबद्दल बोलला. जे ऐकायला तिचा जीव आसुसला होता, तेवढं सोडून सगळं बोलला. बुर्गीला रडू आलं, मग स्वतःचाच राग आला. तीस वर्षांची घोडी, आणि बापाच्या एका शब्दासाठी भीक मागतेय! इन्सब्रुक तर इन्सब्रुक.

ऊन कलायला लागलं तशी दोघं उठली. डोंगरातला नियम साधा आहे. घसरणाऱ्याला सावरता येतं ते वरूनच. म्हणून चढताना वाटाड्या सगळ्यांच्या पुढे असतो आणि उतरताना सगळ्यांच्या मागे. बुर्गीनं दोर सरळ केला आणि सवयीनं कड्याच्या तोंडाशी गेली.

"कुठे निघालीस?"

सेवेरिननं तिचा दंड धरून तिला बाजूला केलं. तो खडकाकडे तोंड करून वळला आणि चाचपडत एक पाय खाली सोडला. तिच्याकडे मात्र त्यानं पाहिलं नाही.

"मी पुढे होतो," तो म्हणाला. "घसरलो तर धर."